तळ्याकाठची सुटी

परदेशी जाऊन आलेला मनुष्य आमच्या वस्तीत पूर्वी क्वचितच आढळे. आता डिंडोलीसारख्या, सुरतेच्या अगदी कडेच्या भागातही युरोपची सहल करून आलेली चार-दोन कुटुंबे सापडतात. कुणाचा साडीच्या व्यापारात जम बसलेला असतो, कुणाचा मुलगा संगणकाच्या नोकरीत चांगला मिळवता झालेला असतो. मंडळी परतली की आम्हांस चहाला बोलावतात, भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे एकामागून एक दाखवितात, आणि आम्हीही शिक्षकी सवयीने प्रश्न विचारीत बसतो. ‘जिनिव्हाला काय पाहिले?’ या प्रश्नाचे उत्तर आजवर एकच मिळाले आहे : ‘तळे पाहिले, कारंजे पाहिले, फुलांच्या घड्याळापाशी फोटो काढला, मग बस निघाली.’ दोन तासांत शहर आटोपले! पुढे बर्फाचा डोंगर गाठायचा असतो ना.

या वर्षी दोन-तीन वाचक-कुटुंबे त्याच वाटेने निघणार आहेत, आणि जिनिव्हात दोन तासांहून अधिक काळ राहण्याजोगे काही आहे काय, अशी त्यांनी आमच्याकडे विचारणा केली आहे. आम्ही ते शहर प्रत्यक्ष पाहिलेले नाही. जे आहे ते वाचनातून आणि जाऊन आलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या सांगण्यातून जमविलेले. परंतु या निमित्ताने जिनिव्हाइतकेच आमच्या गावाविषयीही चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमच्या वडिलांच्या पिढीला स्वित्झर्लंड म्हटले की सहल आठवत नसे, आजारपण आठवे. मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्षपद भूषविलेले आपल्या गुजरातचे विठ्ठलभाई पटेल २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हानजीकच्या एका आरोग्यधामात वारले. त्याच सरोवराच्या काठी लोझान येथे २८ फेब्रुवारी १९३६ रोजी कमला नेहरूंचे निधन झाले. त्या काळातली एकच आनंदाची आठवण म्हणजे १९३१ सालच्या डिसेंबरातील. गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी सरोवराच्या दुसऱ्या टोकाला व्हिलनव्ह येथे रोमां रोलांकडे उतरले होते आणि जिनिव्हात त्यांचे व्याख्यानही झाले होते. पुढे १९६४ साली ‘संगम’ आला, १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ आला, आणि क्षयरोग्यांचा तो देश नवविवाहितांचा होऊन गेला. काळाचा महिमा, दुसरे काय!

आता ते कारंजे. सगळे त्याचे छायाचित्र काढतात, परंतु ते तेथे का उडते हे सांगणारा प्रवासी आम्हांस अद्याप भेटलेला नाही. फ्रेंच भाषेत त्याचे नाव नुसते ‘पाण्याचा झोत’ एवढेच आहे, आणि त्याचा जन्म कोणाच्या सौंदर्यदृष्टीतून झालेला नाही. जिनिव्हाच्या सरोवरातून रोन नदी बाहेर पडते. तिच्या पाण्याच्या जोरावर शहरातील कारखान्यांना नळांवाटे दाबाचे पाणी पुरविण्याची व्यवस्था गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८८६ साली, सुरू झाली. घड्याळे करणारे, जवाहिरे घडविणारे, छोट्या-मोठ्या यंत्रांवर काम करणारे कारागीर त्या पाण्याच्या दाबाने आपली यंत्रे चालवीत. सायंकाळ झाली की एकेक कारागीर यंत्र थांबवून घरी जाई. पाण्याला कोणी घेणारा उरत नसे, नळांतला दाब एकाएकी वाढे आणि पंपघरातल्या लोकांची धावपळ उडे. यावर तोडगा म्हणून त्यांनी एक झडप बसविली. दाब वाढला की ती उघडे आणि जादा पाणी तीसेक मीटर उंच आकाशात उडे. हेच जिनिव्हाचे पहिले कारंजे. शहरातली यंत्रे थांबली, कामकरी मोकळे झाले, याची ती रोजची खूण होती.

लोकांना हा तमाशा आवडला. १८९१ साली स्विस संघाला सहाशे वर्षे झाली, त्या वेळी नगरपालिकेने तो झोत पंपघरातून उचलून सरोवराच्या काठी शोभेसाठी आणला. तेथे तो नव्वद मीटरपर्यंत उडू लागला. सध्याचे स्वतंत्र पंपांचे कारंजे १९५१ सालचे. उंची १४० मीटर, दर सेकंदाला सुमारे पाचशे लिटर पाणी, आणि तोटीतून निघतानाचा वेग ताशी दोनशे किलोमीटर. वारा फार सुटला की ते बंद ठेवतात, म्हणून दोन तासांसाठी गेलेल्या प्रवाशाला कधीकधी त्याचे दर्शनही घडत नाही.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा आम्हांस जिनिव्हाआधी आपली सुरत आठवली. तेथे जवाहिरे आणि घड्याळजी, येथे हिऱ्यांना पैलू पाडणारे आणि यंत्रमागावरचे विणकर. आमच्या डिंडोली, लिंबायत, उधना भागांतील खानदेशी कुटुंबांचा कर्ता पुरुष बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवितो. दिवाळीला माग खरोखर थांबतात. सारी उधना-जळगाव मार्गावरील गाडी पकडून नंदुरबार, अमळनेर, धरणगावकडे निघतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी परत येऊन पुन्हा मागावर उभे राहतात. एरवीची संध्याकाळ? एरवी दाब कोठून बाहेर पडतो, हे विचारू नये. पानाच्या टपरीवरून, घरातल्या भांडणांतून आणि अलीकडे हातातल्या त्या चौकोनी यंत्रातून तो बाहेर पडतो, एवढे आम्हांस शाळेत बसूनही कळते.

जिनिव्हाला जाणाऱ्यांनी कारंज्यासमोर फोटो काढावा, परंतु तेथेच न थांबता काठाकाठाने पाकी नावाच्या भागातील सार्वजनिक स्नानगृहापर्यंत जावे. धक्क्यावर बांधलेली ही जागा एकोणिसाव्या शतकापासूनची असून आजचे बांधकाम १९३२ सालचे आहे. उन्हाळ्यात अगदी थोडक्या शुल्कात कोणीही तेथे येऊन सरोवरात पोहावे, उन्हात पडावे, साधे जेवण घ्यावे. बँकेचा अधिकारी आणि हॉटेलातला भांडीवाला एकाच फळीवर टॉवेल अंथरून पडलेले असतात म्हणे. ऐंशीच्या दशकात हे सारे पाडून नवे बांधण्याचा विचार नगरपालिकेने केला. नागरिकांनी संघटना उभारली, प्रश्न सार्वमताला नेला, आणि १९८८ साली शहराने स्नानगृह राखण्याच्या बाजूने कौल दिला. पोहण्याच्या जागेसाठी सार्वमत, ही कल्पनाच आपल्याला नवलाची वाटेल. तेथे उन्हाळ्यात भल्या पहाटे, सूर्य उगवता उगवता, संगीताच्या मैफली होतात. दिवाळी पहाटेला फराळाच्या वासात गाणे ऐकणाऱ्या आपल्या बडोदे-इंदूरच्या वाचकांना त्यातली गोडी समजावून सांगायला नको.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. तेथे हॉटेलात मुक्काम करणाऱ्या पाहुण्यास शहरातील वाहतुकीचे मोफत कार्ड मिळते. सरोवर ओलांडणाऱ्या लहान पिवळ्या नावाही त्यात येतात, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. ज्यांना मोठा जलप्रवास हवा त्यांनी १९०४ ते १९२७ या काळात बांधलेल्या चाकाच्या जुन्या आगबोटींपैकी एखादी गाठावी. बास्तियाँ बागेत जमिनीवर आखलेल्या पटांवर माणसाच्या कमरेइतक्या सोंगट्यांनी बुद्धिबळ चालते. ते पाहायला पैसा पडत नाही. राष्ट्रसंघाच्या जुन्या प्रासादाच्या आवारात मोर हिंडतात. ही जमीन ज्याने शहराला दिली त्याने मोर मोकळे ठेवण्याची अटच घातली होती, असे सांगतात. समोरच्या चौकात बारा मीटर उंचीची, एक पाय तुटलेली लाकडी खुर्ची उभी आहे. भूसुरुंगांनी पाय गमावलेल्यांच्या स्मरणार्थ ती १९९७ साली उभारली. मुलांना ती दाखवावी आणि ती का उभी आहे हेही सांगावे. रस्त्यातल्या तोट्यांचे पाणी पिण्याजोगे असते, बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही. रविवारी मात्र दुकाने बंद असतात. ‘खरेदीचा दिवस वाया गेला’ म्हणून आपले लोक हळहळतात. तेथील दुकानदार आणि त्याचा नोकर त्या दिवशी तळ्याकाठी बसलेले असतात.

भगिनींसाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. १६०२ सालच्या डिसेंबरात सावॉयच्या सैन्याने रात्री शिड्या लावून शहरावर हल्ला केला, तेव्हा एका गृहिणीने चुलीवरचे कढत भाजीच्या रश्श्याचे भांडे खिडकीतून सैनिकांच्या डोक्यावर उलटे केले, अशी आख्यायिका आहे. आजही दर डिसेंबरात तेथे चॉकलेटची पातेली करून फोडतात. हिरकणीच्या कथेवर वाढलेल्या मुलींना ही बाई परकी वाटू नये.

हे शहर नेहमीच असे सुट्या साजऱ्या करणारे होते, असेही समजू नये. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या अमलात तेथे नाच-तमाशांवर आणि दागिन्यांच्या हौसेवर कडक निर्बंध आले. सोनारांचे हात रिकामे पडले आणि ते घड्याळांकडे वळले, अशी त्या धंद्याच्या भरभराटीची एक कारणमीमांसा केली जाते. काटकसर आणि कष्ट यांना देव मानण्यात जिनिव्हाचे लोक आपल्याहून तसूभरही कमी नव्हते. सरोवराचे पाणीही कायमचे निर्मळ नव्हते. १९६३ साली झेरमॉट या प्रसिद्ध गिरिस्थानी दूषित पाण्यामुळे विषमज्वराची साथ पसरली आणि स्वित्झर्लंडची जगभर नाचक्की झाली. त्यानंतर सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे गावोगाव उभी राहिली आणि १९८६ साली कपडे धुण्याच्या चूर्णांत फॉस्फेट घालण्यास त्या देशाने बंदी केली. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग म्हणून जी धावाधाव झाली ती ज्यांनी पाहिली आहे, आणि त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहर कसे झाडून निघाले हेही पाहिले आहे, त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदुरासह पहिला क्रमांक मिळविला. दोन्ही शहरांत मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, हे अभिमानाने, पण हळूच, नोंदवितो.

पाणी शुद्ध झाले, रस्ते स्वच्छ झाले. तरी आपण पाण्याकाठी केव्हा जातो? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, सोमवारी तिला वाजतगाजत पाण्यापाशी नेतो. भाद्रपदात गणपती नेतो. आमच्या डिंडोलीच्या तळ्यावर छठच्या संध्याकाळी बिहारी आणि पूर्वांचली भगिनी अर्घ्य द्यायला उभ्या राहतात. आणि घरचे माणूस गेले की तापीकाठच्या अश्विनीकुमार घाटावर जातो. देवाला पोचवायला किंवा माणसाला पोचवायला. नुसते बसायला म्हणून पाण्याकाठी जाणे आपल्याकडे रिकामटेकडेपणात जमा होते. सुरती लोकांची गोष्ट वेगळी. आपण कोजागरीला गच्चीवर दूध आटवतो, तर दुसऱ्या रात्री, चांदनी पडव्याला, सुरती कुटुंबे म्हाताऱ्याकोताऱ्यांसह रस्त्याच्या कडेला सतरंज्या अंथरून घारी आणि भुसू खात मध्यरात्रीपर्यंत बसतात. यात त्यांना संकोच वाटत नाही. इतकी वर्षे शेजारी राहून ही एक कला आपण त्यांच्याकडून घेतली नाही.

आणि तळे तर सुरतेलाही होते! सोळाव्या शतकाच्या आरंभी मलिक गोपी नावाचा धनाढ्य आणि वजनदार नागर गृहस्थ येथे होऊन गेला. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कशी त्याचा पत्रव्यवहार होता. गोपीपुरा हा भाग त्याच्याच नावाचा, आणि गोपी तळावही त्याचेच. तेव्हेनो नावाचा फ्रेंच प्रवासी १६६६ साली सुरतेस आला. त्याने या तळ्याचे जे वर्णन केले आहे ते वाचून आम्ही थक्क झालो. सोळा कोनांचे तळे, प्रत्येक बाजू शंभर पावलांची, तळाला गुळगुळीत फरशी, काठापासून तळापर्यंत बहुतेक सर्व बाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या, गुरांना पाण्यावर नेण्यासाठी वेगळे उतार, आणि मधोमध एक दगडी इमारत. लोक त्या इमारतीत हवा खायला, मन रमवायला जात आणि तेथे जाण्यासाठी नाव करावी लागे, असेही तो नोंदवितो. म्हणजे जिनिव्हाचे कारंजे उडायच्या सव्वादोनशे वर्षे आधी सुरतकर नावेत बसून तळ्यात सहलीला जात होते. याच प्रवाशाने शिवाजी महाराजांविषयीही लिहिले आहे.

पुढच्या काळात तळे गाळाने भरले, कोरडे पडले आणि नावापुरते उरले. सुरत महानगरपालिकेने ते नव्याने खोदून, काठाला पायऱ्या, बाग, कारंजी, खेळणी आणि नौकाविहार अशी योजना आखून २०१५ साली लोकांना खुले केले. डिंडोलीपासून ते आठएक किलोमीटरवर आहे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या शाळेत ‘सुटीत मी काय पाहिले’ हा निबंध दिला होता. ज्यांची कुटुंबे गावी गेली त्यांनी गावचे लिहिले. जी गेली नाहीत त्यांच्या मुलांच्या वह्यांतून निराळेच जग समोर आले. साड्यांवर खडे चिकटविणे, धागे कापणे, लेस लावणे ही कामे आमच्या वस्तीत बाया घरबसल्या करतात आणि मुले हाताशी बसतात. आठवीतील एका मुलीने सहाच ओळी लिहिल्या होत्या. त्यांत तिने म्हटले होते की साड्या संपल्या की डुमसला समुद्र पाहायला जाऊ असे आईने कबूल केले होते, पण साड्या संपल्या नाहीत. निबंधाला गुण किती द्यावेत हे आमच्या भाषाशिक्षिकेस ठरविता येईना. वही आमच्या टेबलावर आली, ती दोन दिवस तेथेच पडून होती.

त्याच सुमारास सहलीचा विषय निघाला. काही शिक्षकांचे मत जलक्रीडा-उद्यानाला न्यावे असे होते. मुलांना ते हवेही होते. त्याचे शुल्क मात्र निम्म्या घरांना झेपणारे नव्हते, आणि निम्मा वर्ग मागे ठेवून गेलेल्या बसला आम्ही सहल म्हणत नाही. आम्ही गोपी तळाव सुचविला. पालकसभेत हशा पिकला. एका यंत्रमाग कामगार पालकांनी आपल्या अहिराणीत स्पष्टच विचारले, ‘सर, पोरेसले तठे काय दखाडशात? पानीच शे ना!’ प्रश्न रास्त होता. आम्ही उत्तर दिले की होय, पाणीच दाखविणार आहोत, आणि मुलांबरोबर आयांनीही यावे. यावर अधिक गडबड झाली. एक दिवस म्हणजे इतक्या साड्या, इतकी मजुरी, हा हिशेब त्यांनी आम्हांस बोटांवर करून दाखविला. तो हिशेब आम्ही खोडू शकलो नाही. रविवार ठरविला, खर्च शाळेतील शिक्षकांनी वाटून घेतला, आणि यायचे की नाही हे त्यांच्यावर सोपविले.

एकवीस आया आल्या. शिदोरीला कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. लग्न होऊन एकोणीस वर्षे सुरतेत राहिलेल्या एका बाईंनी गावात असे काही आहे हे प्रथमच पाहिले. त्या आल्या तशा पायरीवर बसल्या त्या जेवणापर्यंत उठल्या नाहीत. ‘काय पाहता?’ म्हणून एका शिक्षिकेने विचारले, तर म्हणाल्या, ‘काही नाही, बाई. बसले आहे.’ आम्ही मुलांना तेव्हेनोची हकीकत सांगितली. एका मुलाने हात वर करून विचारले, ‘सर, महाराज सुरतेत आले तेव्हा हे तळे होते का?’ महाराज १६६४ च्या जानेवारीत आले आणि फ्रेंच प्रवाशाने तळे पाहिले ते दोनच वर्षांनी, तेव्हा ‘होते’ असे उत्तर ठामपणे देता आले. मग महाराजांनी एका दिवंगत दानशूर दलालाचे घर आणि कॅप्युचिन पाद्र्यांचा मठ लुटीतून कसा वगळला, हेही सांगणे आले. पाठ्यपुस्तकाबाहेरचा इतिहास मुले पायरीवर बसून अधिक लक्षपूर्वक ऐकतात.

सहा ओळींचा निबंध लिहिणारी मुलगी आणि तिची आई त्या दिवशी आल्या नव्हत्या. लग्नसराईचे काम हाती होते. पुढील महिन्यात आठवीच्या वर्गाला तापीकाठचा जुना किल्ला दाखवायचा आहे. सोळाव्या शतकातला तो किल्ला दुरुस्त करून पालिकेने त्यात संग्रहालय केले आहे. दिवस ठरविण्याआधी या वेळी आम्ही त्या घरी जाऊन, साड्या केव्हा पोचवायच्या आहेत ते विचारून येणार आहोत.

जिनिव्हाला निघालेल्या कुटुंबांनी परत आल्यावर पाकीच्या स्नानगृहाविषयी आम्हांस जरूर कळवावे. न निघालेल्यांनीही स्वस्थ बसू नये. बडोद्याचे सूरसागर, अहमदाबादचे कांकरिया, भोपाळचा मोठा तलाव, हैदराबादचा हुसेनसागर, आपापल्या गावी जे पाणी असेल तेथे एक रविवार घरच्या सर्वांसह, विशेषतः घरातल्या बाईसह, काढावा आणि एका पोस्टकार्डावर मावेल इतकी माहिती या सदराकडे पाठवावी : बस कोठून मिळते, तिकीट किती, बसायला सावली आहे काय, आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुरुषांनी आपल्या अंदाजाने लिहू नये, घरात विचारून लिहावे.